मान देणे आणि समान मानणे : तंजावरच्या इतिहासातून मुलांच्या शिकवणीकडे

लहान मुलांना स्त्रियांचा आदर करण्यास शिकवावे, याविषयी आपल्या समाजात फारसे दुमत नाही. शाळेच्या भिंतींवरील सुविचार तेच सांगतात, रोजच्या प्रतिज्ञेत वडीलधाऱ्यांचा मान ठेवण्याचे वचन असते आणि घरी भावाने बहिणीवर हात उगारला की 'मुलींना मारू नये' असे बजावले जाते. तरीही हीच मुले मोठी झाल्यावर घरकामाची वाटणी, मालमत्तेतील हिस्सा किंवा निर्णयाचा अधिकार या बाबतींत जुन्याच वाटेने जाताना दिसतात. याचे एक महत्त्वाचे कारण असे की, मान देणे आणि समान मानणे या दोन गोष्टी आपण एकच धरून चाललो आहोत. त्या एक नाहीत. पुष्कळदा पहिली शिकवण दुसरीच्या वाटेत उभी राहते.

हा फरक समजून घेण्यासाठी तमिळनाडूतील तंजावरइतके बोलके ठिकाण क्वचितच सापडेल. कावेरीच्या खोऱ्यातील या नगरीत सुमारे पावणेदोनशे वर्षे मराठी भोसले घराणे नांदले. १८५५ मध्ये इंग्रजांनी ते संस्थान खालसा केले; परंतु सरस्वती महाल ग्रंथालयातील मराठी हस्तलिखिते, मोडी कागदपत्रे आणि तेथे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आलेली कुटुंबे यांच्या रूपाने तो वारसा टिकून आहे. स्त्रीने पहाटेपासून रात्रीपर्यंत कसे वागावे हे सांगणारा एक अत्यंत तपशीलवार संस्कृत ग्रंथ, आणि साऱ्या जगाचा भूगोल एका भटक्या स्त्रीच्या तोंडून सांगणारे मराठी नाटक, या दोन्ही गोष्टी याच दरबाराने जन्माला घातल्या. त्यांच्यामध्ये शंभर वर्षांच्या आतबाहेरचे अंतर आहे.

पहिला धडा : आज्ञाधारकतेचा मान

'स्त्रीधर्मपद्धति' हा तो संस्कृत ग्रंथ. अठराव्या शतकात तंजावरच्या मराठी दरबाराशी संबंधित असलेले पंडित त्र्यंबकरायमखी यांनी तो रचला. ब्रिटिश संशोधक ज्युलिया लेस्ली यांनी १९८९ मध्ये त्यावर सविस्तर अभ्यासग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हापासून स्त्रीजीवनाच्या अभ्यासकांत तो विशेष परिचित झाला. धर्मशास्त्रावरील ग्रंथांत स्त्रियांविषयीची प्रकरणे असतातच. केवळ स्त्रीच्या कर्तव्यांसाठी संपूर्ण ग्रंथ वाहिलेला असणे मात्र दुर्मीळ. पतीच्या आधी उठणे, घर झाडणे, सारवणे, अग्नीची व्यवस्था, पाहुण्यांचे आतिथ्य, भोजनाचा क्रम, रात्रीचे नियम असा साऱ्या दिवसाचा आराखडा त्यात आहे आणि पतीची सेवा हाच स्त्रीचा मुख्य धर्म, हे त्याचे सूत्र आहे.

या ग्रंथात स्त्रीचा अपमानच केला आहे, असे समजणे वरवरचे ठरेल. आपले कर्तव्य पाळणाऱ्या पत्नीचा त्यात गौरवच आहे. तो गौरव मात्र सशर्त आहे. तिने ठरवून दिलेल्या जागी राहावे, म्हणजे तिला मान मिळेल. जागा सोडली की मानही सुटला. आजही मुलींच्या कानावर पडणारे 'चांगल्या घरच्या मुली असे करत नाहीत' हे वाक्य याच तर्काचे आहे. त्यात मुलीला 'चांगली' म्हटले जाते खरे, पण ती चांगली कोणत्या अटीवर आहे, हेही त्याच दमात सांगितले जाते. मुलग्यासाठी असे वाक्य आपल्या भाषेत रूढ नाही, याकडे सहसा लक्ष जात नाही. गंमत अशी की, याच शतकात, १७३७-३८ मध्ये, सुजानबाई या राणीने काही काळ तंजावरची गादीही सांभाळली. ग्रंथातील स्त्री आणि सिंहासनावरील स्त्री या एकाच नगरीत होत्या, आणि ग्रंथावर त्याचा काही परिणाम झालेला दिसत नाही.

शिकलेली, पण 'घरंदाज' नव्हे

मान आणि समानता यांची फारकत कोठवर जाऊ शकते, हे पाहायचे तर तंजावरच्या विदुषींकडे वळावे लागते. अठराव्या शतकात प्रतापसिंह राजाच्या दरबारी मुद्दुपळणी नावाची कवयित्री होती. गणिकांच्या परंपरेतील या स्त्रीने 'राधिकासांत्वनमु' हे तेलुगू काव्य लिहिले. भाषा, छंद, संगीत यांवरील तिचे प्रभुत्व तत्कालीन दरबाराने मानले. पुढे १८२०च्या दशकात मद्रास इलाख्याचे गव्हर्नर टॉमस मन्रो यांनी देशी शाळांची जी पाहणी करवली, तीत तंजावर जिल्ह्यात शेकडो शाळा आढळल्या, परंतु मुलींची संख्या अगदी नगण्य होती. शिकणाऱ्या मुली सामान्यतः देवळांतील नर्तकींच्या घरच्या असतात, असे मन्रो यांच्या १८२६ च्या टिपणातून स्पष्ट होते.

म्हणजे जी स्त्री 'मानाची', ती शिकत नव्हती. आणि जी शिकत होती, तिला घरंदाज मानले जात नव्हते. स्त्रीपुढे असा पेच उभा करणाऱ्या समाजात 'स्त्रियांचा मान राखा' या उपदेशाला किती अर्थ उरतो, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

बंगळूरच्या सुप्रसिद्ध गायिका नागरत्नम्मा यांनी १९१० मध्ये मुद्दुपळणीचे काव्य पुन्हा छापले, तेव्हा त्यावर अश्लीलतेचा ठपका ठेवून इंग्रज सरकारने बंदी घातली. ती उठण्यास १९४७ साल उजाडावे लागले. शृंगारकाव्ये पुरुष कवींनीही विपुल लिहिली होती. ती विद्वत्तेत मोडत होती. याच नागरत्नम्मांनी पुढे तंजावरजवळील तिरुवैयारू येथे संत त्यागराजांची समाधी स्वखर्चाने बांधून काढली. गंमतीची म्हणा की खेदाची, पण गोष्ट अशी की त्याच ठिकाणी होणाऱ्या आराधनेत त्या काळी स्त्रियांना गाण्याची मुभा नव्हती. आपापसांत भांडणारे पुरुषांचे दोन गट एवढ्या एका मुद्द्यावर एकमताचे होते. नागरत्नम्मांनी १९२७ पासून स्त्रियांची स्वतंत्र आराधना सुरू केली. १९४०च्या सुमारास सर्व गट एकत्र आले आणि स्त्रियांचे गायन हा उत्सवाचा भाग झाला. आज जानेवारीत पंचरत्न कीर्तने गाणारा समुदाय पाहणाऱ्या मुलाला यात काही विशेष वाटत नाही. त्याच्या दृष्टीने ते पूर्वापार तसेच आहे. लहान मुले जे दिसते तेच स्वाभाविक मानतात.

जग सांगणारी कुरवंजी

दुसरा महत्त्वाचा दुवा दुसऱ्या सरफोजी महाराजांचा. १७९८ ते १८३२ हा त्यांचा काळ. १७९९ च्या तहानंतर राज्यकारभार इंग्रजांकडे गेला आणि महाराजांचे लक्ष विद्याव्यासंगाकडे वळले. त्यांनी नव्या विद्यांच्या शाळा काढल्या, देवनागरी छापखाना चालवला आणि त्यावर इसापनीतीचे मराठी भाषांतर 'बालबोध मुक्तावली' या नावाने छापवले. मराठी बालवाचनाचा इतिहास सांगताना पुणे-मुंबईच्या आधी तंजावरचे नाव घ्यावे लागते ते यामुळे.

सरफोजींच्या नावावर असलेले 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नाटक याच विद्याव्यासंगाचे फळ. कुरवंजी हा मूळचा तमिळ नाट्यप्रकार. त्यातील कुरव जमातीची स्त्री डोंगरदऱ्यांतून भटकते, हात पाहून भविष्य सांगते आणि आपल्या मुलखाचे वर्णन करते. सरफोजींच्या नाटकातील कुरवंजी मात्र आपल्या डोंगराचे वर्णन करून थांबत नाही. ती जगाचा भूगोल पदांतून सांगते. खंडे, देश, समुद्र यांची त्या काळी नव्याने येथे पोहोचलेली माहिती एका निरक्षर समजल्या जाणाऱ्या, जातीच्या उतरंडीत खालच्या मानलेल्या स्त्रीच्या मुखी घालण्यात आली. सरस्वती महाल ग्रंथालयाने हे नाटक १९५० मध्ये प्रसिद्ध केले.

सरफोजींनी स्त्रीपुरुष समानतेचा विचार डोळ्यांपुढे ठेवून ही रचना केली, असा दावा येथे करायचा नाही. नाट्यप्रकाराची चौकटच तशी होती. परंतु मुलांना शिकवण्याच्या दृष्टीने एक गोष्ट लक्षणीय आहे. या नाटकात स्त्रीच्या सन्मानाविषयी उपदेश कोणी करत नाही. ज्याला भूगोल जाणून घ्यायचा आहे त्याला तिचे ऐकून घ्यावे लागते, एवढेच. ज्ञान ज्याच्याकडे असते त्याच्याकडे मूल आदराने पाहते. तो आदर वेगळा शिकवावा लागत नाही आणि त्याला अटही नसते.

मूल केव्हा शिकते

मुले फार लहान आहेत, त्यांना यातले काय कळणार, असे पुष्कळ पालकांना वाटते. बालमानसशास्त्राचे निष्कर्ष वेगळे आहेत. साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत मूल स्वतःला मुलगा किंवा मुलगी म्हणून ओळखू लागते, आणि शाळेत जाण्याच्या वयापर्यंत कोणते काम कोणाचे, कोणते खेळणे कोणाचे, याविषयी त्याच्या कल्पना बऱ्याच पक्क्या होतात. अमेरिकेतील लहान मुलांवर केलेल्या आणि 'सायन्स' या नियतकालिकात २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, पाचव्या वर्षी मुली आणि मुलगे दोघेही 'अतिशय हुशार' व्यक्ती म्हणून आपापल्या गटाकडे बोट दाखवतात. सहाव्या-सातव्या वर्षी मुलींच्या बाबतीत हे प्रमाण घटते, आणि 'हा खेळ फार हुशार मुलांसाठी आहे' असे सांगितले तर त्या खेळाकडे त्या पाठ फिरवू लागतात. एका वर्षात मुलींच्या बुद्धीत काहीच बदल झालेला नसतो. बदललेले असते ते आजूबाजूचे ऐकून झालेले मत.

भारतातील घरांत हे मत कशातून बनत असेल, याचा अंदाज राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणावरून बांधता येतो. २०२४ च्या सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यासाठी देतात. अशा कामात भाग घेणारे पुरुष ८८ मिनिटे देतात. मुळात घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची संख्याच थोडी आहे, हे लक्षात घेता प्रत्यक्षातील दरी आणखी रुंद ठरते. मुलाच्या डोळ्यांसमोर हा धडा रोज चालू असतो, सुटीच्या दिवशीसुद्धा.

यात एक विसंगती मुले फार लवकर टिपतात. तंजावरच्या मंगल कार्यालयात असो वा कोल्हापूरच्या, मोठ्या पंक्तीचा स्वयंपाक करणारे आचारी बहुधा पुरुष असतात. म्हणजे पुरुषांना स्वयंपाक येत नाही, हे कारण टिकत नाही. मोबदला असेल तेथे पुरुष आणि नसेल तेथे स्त्री, अशी ती वाटणी आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाने 'आचारी काका रांधतात, मग बाबा का नाही?' असे विचारले, तर त्याला गप्प करण्यापेक्षा प्रश्न रास्त आहे, हे कबूल करणे बरे.

'अहो' आणि 'अगं'

घरात मूल जी भाषा ऐकते, तीत मानाची दिशा ठरलेली असते. मराठी घरात पत्नी पतीला 'अहो' म्हणते, पती तिला 'अगं' म्हणतो. तंजावरच्या तमिळ घरात पत्नी 'एन्नंग' अशी आदरार्थी हाक मारते, आणि पतीच्या तोंडी अनेकदा एकेरी 'डी' असते. भाषा दोन, कुळे वेगळी. रीत मात्र एकच. मुलाला व्याकरण कळण्याच्या कितीतरी आधी हे कळते की, बहुवचन वर जाते आणि एकवचन खाली येते.

अलीकडे अनेक घरांत पतिपत्नी एकमेकांना नावाने हाक मारतात. त्याने सर्व काही बदलले असे नाही, आणि 'अहो' म्हणणारी प्रत्येक स्त्री दबलेली असते असेही नाही. त्यामुळे जुन्या जोडप्यांनी या वयात संबोधने बदलावीत, असा आग्रह धरण्याची गरज नाही. मुलांपुरते पाहता येईल. भावाने बहिणीला 'ए' म्हणायचे आणि बहिणीने मात्र 'दादा' म्हणायचे, हे वयामुळे असेल तर ठीक. धाकट्या भावाने थोरल्या बहिणीला 'ताई' म्हणण्याचा आग्रहही तितकाच हवा. घरकामाला येणाऱ्या बाईंशी मूल एकेरीत बोलते का, हेही पाहावे. आईला मान आणि मोलकरणीला एकेरी, असा आदर शिकलेला मुलगा पुढे कोणत्या स्त्रीला कोणत्या गटात घालायचे, एवढेच शिकलेला असतो.

हाच मुद्दा भाषेतील टोमण्यांचा. 'मुलीसारखा रडतोस काय', 'हातात बांगड्या भर' ही वाक्ये मुलग्याला उद्देशून असतात, पण जखम दोघांना होते. मुलग्याला रडण्याची चोरी होते आणि शेजारी उभ्या असलेल्या मुलीला कळते की, आपल्यासारखे असणे ही शिवी आहे. दंगा करणाऱ्या मुलग्याला 'मुलींमध्ये नेऊन बसवीन' अशी धमकी देण्याची पद्धत आपल्या शाळांत दीर्घकाळ होती, काही ठिकाणी अजूनही आहे. ज्या वर्गात मुलींच्या शेजारी बसणे ही शिक्षा आहे, त्या वर्गात स्त्रियांचा आदर हा विषय शिकवून काय उपयोग?

नियम उलटा करून पाहणे

मुलांपुढे हा विषय मांडण्याची सर्वांत सोपी रीत मराठीतच सापडते. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' हा निबंध प्रसिद्ध केला. स्त्रियांवर जे दोष लादले जातात तेच पुरुषांना लावून पाहिले तर काय दिसते, ही त्या निबंधाची पद्धत. 'स्त्रीधर्मपद्धति'सारख्या ग्रंथांनी ज्या नियमांना धर्म म्हटले, ते नियम ताराबाईंनी उलट बाजूने तपासले.

पाच ते आठ वर्षांच्या मुलांना ही रीत सहज जमते, कारण या वयात न्यायाची जाणीव फार तीक्ष्ण असते. 'त्याला दोन लाडू, मला एकच का?' हे विचारणारे मूल समानतेचा प्रश्नच विचारत असते. त्याला एवढेच सांगावे की, कोणताही नियम ऐकला की तो उलटा करून पाहायचा. मुलींनी संध्याकाळी सातच्या आत घरात यावे, मग मुलग्यांनी? मुलीने पाहुण्यांना पाणी द्यावे; मग मुलग्याने? उलटा केल्यावर नियम तितकाच रास्त वाटला तर तो दोघांनाही लागू करावा. हास्यास्पद वाटला तर तो मुळात कोणासाठी आणि कशासाठी केला गेला, याची चर्चा करावी. सुरक्षेसाठी केलेले नियम असतील तर तसे स्पष्ट सांगावे. मुलीचा दोष म्हणून नव्हे. मुलांना कारण कळले की ती नियम पाळतात, असा अनेक शिक्षकांचा अनुभव आहे.

काही प्रश्न मात्र उलटे करून सुटत नाहीत, आणि तेथे खरे उत्तर देण्यावाचून पर्याय नसतो. पाळीच्या दिवसांत आई बाजूला बसली की पूर्वी मुलांना 'कावळा शिवला' असे सांगत. मूल कावळा शोधत राही. आजही अनेक घरांत उत्तर तितकेच गूढ असते. 'मोठ्या मुलींच्या आणि बायकांच्या शरीरात दर महिन्याला असे होते, ते आजारपण नाही आणि त्यात घाण काही नाही' एवढे एक वाक्य सहा वर्षांच्या मुलग्यालाही पुरते. लपवलेल्या गोष्टीची त्याला लाज वाटू लागते, आणि त्या लाजेचे पुढे चिडवण्यात रूपांतर होते.

आदराचा आणखी एक पैलू शरीराशी जोडलेला आहे. 'काकांना पापी दे' म्हणून मुलाला पुढे ढकलणे हे प्रेमापोटी होते. पण नको म्हणणाऱ्या मुलाचे 'नको' ऐकले गेले नाही, तर दुसऱ्याचे 'नको' ऐकायचे असते हे ते कोठून शिकणार? बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा २०१२ चा कायदा अठरा वर्षांखालील मुलगा आणि मुलगी दोघांनाही संरक्षण देतो. घरात मात्र सावधगिरीच्या सूचना केवळ मुलीला दिल्या जातात. मुलग्याला दोन गोष्टी सांगायच्या राहून जातात : त्याच्याही शरीरावर त्याचा अधिकार आहे, आणि दुसऱ्याच्या शरीरावर त्याचा नाही.

बाहुल्या, पुस्तके आणि हजेरीपट

नवरात्रात तंजावर परिसरात घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात. त्याला कोलू म्हणतात. तंजावरची मान डोलावणारी 'तलैयाट्टि बोम्मै' तर भौगोलिक मानांकन मिळालेली बाहुली. कोलूच्या दिवसांत घरातील मुलगेही बाहुल्या पुसणे, लावणे, सजवणे यांत रमतात आणि त्यांना कोणी हसत नाही. उत्सव संपला, बाहुल्या पेटीत गेल्या, की 'मुलगे बाहुल्यांशी खेळत नाहीत' हा नियम पुन्हा लागू होतो. मुलग्याला बाहुली नको असते असे नाही. ती केव्हा चालते, हे त्याला सांगितलेले असते. बाहुलीला जेवू घालणारा, झोपवणारा मुलगा दुसऱ्याची काळजी घेण्याचा सराव करत असतो. हे शिक्षण फुकट मिळत असताना ते नाकारण्याचे कारण दिसत नाही.

पाठ्यपुस्तकांत बदल होऊ लागले आहेत. महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ मध्ये आई आणि वडील दोघे मिळून भाजी निवडताना दाखवले गेले. केरळमध्ये २०२४ च्या नव्या पुस्तकात वडील नारळ खवताना दिसले. चित्र छोटे असते, पण सहा वर्षांच्या मुलासाठी पुस्तकातील चित्र हा पुरावाच असतो. मजकूर बदलून चित्रे तशीच ठेवली, तर मुले चित्रांवर विश्वास ठेवतात.

पुस्तकाबाहेरच्या गोष्टी शाळेच्या हातात आहेत. अनेक शाळांत हजेरीपटावर आधी मुलग्यांची नावे, मग मुलींची. वर्ग झाडायला मुली, बाके उचलायला मुलगे. पाहुण्यांच्या स्वागताला आरती घेऊन मुली, आभार मानायला मुलगा. यांतले काहीही बदलण्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. नावे आद्याक्षरांनुसार लावावीत, कामे आठवड्याच्या पाळीने द्यावीत. सहावी-सातवीच्या मुलांसाठी अशा प्रकारचे वर्गकार्य मुंबई महापालिकेच्या शाळांत २००८ पासून टाटा समाजविज्ञान संस्था आणि कोरो यांसारख्या संस्थांच्या सहभागाने झाले आहे. हरियाणात तर ३१४ सरकारी शाळांत अडीच वर्षे चर्चासत्रे घेऊन त्यांचा परिणाम शास्त्रशुद्धरीत्या मोजण्यात आला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, प्रतिगामी मते असलेल्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे १६ टक्क्यांची मते बदलली, आणि मुलग्यांनी घरकामात अधिक हातभार लावत असल्याचे सांगितले. सोळा टक्के म्हणजे फार नव्हे, अशी टीका होऊ शकते. पण ही मुले तेरा-चौदा वर्षांची होती. तोवर दहा वर्षांचे घरचे शिक्षण होऊन गेलेले होते.

सरकारी धोरण मुलांना काय सांगते, हेही महत्त्वाचे असते. जुन्या तंजावर जिल्ह्यातील मूवलूर येथे वाढलेल्या, देवदासी प्रथेविरुद्ध लढणाऱ्या रामामिर्तम अम्मैयार यांच्या नावाने तमिळनाडूत गरीब मुलींच्या विवाहासाठी साहाय्य देणारी योजना होती. तीत मंगळसूत्रासाठी सोनेही दिले जाई. २०२२ मध्ये ती बदलून सरकारी शाळेत शिकलेल्या मुलींना महाविद्यालयीन शिक्षणासाठी दरमहा एक हजार रुपये देण्यात येऊ लागले. मुलीच्या नावाने बाजूला काढलेला पैसा तिच्या लग्नासाठी नसून शिक्षणासाठी आहे, ही गोष्ट घरातील लहानग्या भावंडांच्याही कानावर जाते.

आजीचे काय करायचे

या साऱ्यात पालकांची खरी अडचण वेगळीच असते. मुलाला समानता शिकवली आणि त्याने आजीला तोंडावर 'तू चुकतेस' म्हटले तर? आजी पुरुषांना आधी वाढते, नातवाला साय आणि नातीला ताक देते, आणि तिच्या दृष्टीने ती कोणाचाही अपमान करत नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत, काही कारणांसाठी पतीने पत्नीला मारणे योग्य आहे असे मानणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ४५ टक्के आणि पुरुषांचे ४४ टक्के आढळले. ज्या कारणाला सर्वाधिक मान्यता होती, ते सासू-सासऱ्यांचा मान न राखणे हे होते. म्हणजे मानाचा जुना धडा मुलगे आणि मुली दोघांनीही सारखाच गिरवलेला आहे, आणि त्याच मानापोटी मारहाणही क्षम्य ठरते.

अशा घरात आजीला खोटे पाडून मुलाला शिकवणे योग्य नव्हे. तिने आयुष्यभर शेवटी जेवण्याची रीत पाळली, ती तिच्यावर कोणीतरी घातलेली होती, हे मुलाला गोष्ट म्हणून सांगता येते. तिला शाळा कितवीपर्यंत मिळाली, काय व्हायचे होते, हे नातवंडांनी तिलाच विचारावे. बहुतेक आज्यांना असा प्रश्न कधी कोणी विचारलेला नसतो. आणि पंगत मांडताना पहिले ताट आजीचे ठेवण्याचे काम नातवाकडे द्यावे. ती पहिल्या दिवशी नको म्हणेल, दुसऱ्या दिवशीही म्हणेल. ताट तसेच ठेवावे आणि बाकीच्यांनी तिच्यासाठी थांबावे.